शिट्टीला आलेलं उत्तर

बाबांना लांबूनच वाकून नमस्कार.

आम्ही इथं अमेरिकेत सुखरूप आहोत. नवऱ्याला सध्या काम जरा कमी मिळतंय, पण तुम्ही काळजी करू नका. तुमचा गुडघा कसा आहे?

काल रोसेंदाच्या शाळेत आपल्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांच्या वारशाचा सोहळा झाला. गणितात पहिली आली म्हणून तुमच्या नातीचा सत्कार होता. निघतानाच तिनं मला बजावलं, "आई, तिथं रडायचं नाही हं. माझी लाज काढशील!"

रडले नाही. पण तिचं नाव पुकारलं आणि मला आपली डोंगरातली वाट आठवली. मी शाळेतून बक्षीस घेऊन यायचे आणि तुम्ही पलीकडच्या कॉफीच्या मळ्यातून आपल्या गावच्या शिट्टीच्या बोलीत माझं नाव घ्यायचात. मी उत्तर द्यायला गेले की आई ओरडायची, "गप गं! बायका कधी शिट्टी वाजवतात का?"

काल माझी बोटं आपोआप तोंडात गेली आणि मी शिट्टीनं तिचं नाव घेतलं. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. म्हटलं, आता पोरीपुढं माझी काही खैर नाही.

तिनं प्रमाणपत्र काखेत धरलं, दोन बोटं तोंडात घातली आणि मंचावरूनच शिट्टीनं उत्तर दिलं, "आले, आले!" अगदी तुमच्याच सुरात.

मी तिला हे कधीच शिकवलं नव्हतं. दर रविवारी आई चर्चला गेली की तुमचा फोन येतो आणि ही दार लावून बसते, ते याचसाठी ना?

आईच्या हाती लागायच्या आत हे पत्र चुलीत घाला.

तुमची, आता शिट्टी वाजवणारी,
फिदेंसिया