क्रमांकाने भागले की खेळाडू

५ जानेवारी २००७, शुक्रवार. लूमला आठवड्याची सुट्टी.
आतापर्यंत झाले ते असे:
१. दिवाळीनंतर हरेशदादाने आबांच्या कापड विणायच्या लूमच्या शेडपुढच्या खोलीत तीन कॉम्प्युटर मांडले. आमच्या टेमघरची पोरं तिथे ‘रणगड’ हा ऑनलाइन गेम खेळतात.
२. मुंबई-ठाण्याच्या गेमांची क्रमवारी एका साइटवर असते, मतांवरून. एका माणसाला दिवसाला एक मत. मत दिले की गेममध्ये फुकट सोने.
३. पहिल्या गेमचे खेळाडू जाहीर आहेत, ३,६००. त्याला क्रमांकाने भागायचे, हे माझे सूत्र. रणगड चाळिसावा, म्हणजे ९० खेळाडू, तेवढीच आपली गिऱ्हाइके.
४. दादाने विचारले, चोवीस लूम काढून मोठा कॅफे टाकू का. मी म्हटले, आकडा ३०० झाला की सांगते.
मी एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. दादा बारावी नापास. त्याने मला विचारले हे योग्यच.

१९ जानेवारी
चोविसावा. १५०.
आमच्या लूमवरचे पंधराही कामगार चहाच्या सुट्टीत कॉम्प्युटरवर येतात. रामनाथ म्हणाला, दीदी, हम खेलते नहीं, हरेशभैया बोले वो लाल बटन दबाके जाते हैं. त्यांची भीती मोडते आहे, चांगले. माझ्या गणिताशी संबंध नाही.

९ फेब्रुवारी
बारावा. ३००. दादाला सांगितले, काढ.
आई म्हणाली, तीनशेतली तीस तरी दाखव, च्या ठेवते. तिला समजावले की अंदाज डोळ्यांना दिसत नसतो. ती म्हणाली, लूमचा आवाज तरी येतो, तुझं गिऱ्हाईक दिसत न्हाय, ऐकू पण येत न्हाय.
आईला चौथीपर्यंतच शिकवले होते.

२३ फेब्रुवारी
लूम भंगारवाल्याने नेले. दहा नवे कॉम्प्युटर आले. पंधरा माणसे निजामपुऱ्यात दुसऱ्यांच्या लूमवर गेली.
आबा बाहेर आले नाहीत. म्हणाले, कान दुखतात, फार शांत झालंय.

१६ मार्च
पुन्हा चाळिसावा. ९०. कॅफेत चार.
दादाला स्पष्ट सांगितले, सूत्र चुकत नाही, तुला गिऱ्हाईक सांभाळता येत नाही. तो रिकाम्या खुर्च्या पुसत होता. म्हणजे पटले.

३० मार्च
बाजारात रामनाथ भेटला. म्हणाला, दीदी, उधर नेट नहीं है, नहीं तो पंद्रह के पंद्रह आज भी लाल बटन दबाके वोट देते. हरेशभैया को मैं कैसे बोलूँ, आप बोलो, बुरा न माने.
दादाला काय सांगायचे ते रामनाथच सांगू शकेल. सोमवारपासून दादा त्याच्याच शेजारच्या लूमवर ड्युटी करतो. घरी माझ्याशी बोलत नाही, म्हणून त्याच्या उद्याच्या डब्यात चिठ्ठी ठेवली. नक्कल:

दादा,
लूमवाल्यांपैकी रोज नेमके किती जण मत देत होते ते तारखेनुसार हवे आहे. तेवढी मते वजा केली की माझे सूत्र बरोबर येते. शुक्रवार, ६ एप्रिलपर्यंत कळव.
क्षितिजा