गाळलेली ओळ

४ डिसेंबर, सोमवार

राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. पुण्याच्या तुरुंगातून आलेला कागद घेऊन गौराबाई सकाळीच दारात. लोहाऱ्यात इंग्रजी कागद वाचून घ्यायला लोक अजून माझ्याकडंच येतात. मी तीनदा वाचला, तिला एकदाच सांगितलं.

शंभुलिंग तिचा एकुलता. माझा विद्यार्थी. बांधाच्या भांडणात भावकीतल्या तिघांचा जीव घेतला त्यानं. घेतला, हे खरं. मेलेल्यांची पोरंही माझ्याच शाळेतली — रस्त्यात दिसली की माझी मान खाली जाते. तरी दयेचा अर्ज मीच लिहिला. साडेपाच वर्षं झाली त्याला.

आता चौदा दिवस. त्याच्या आत फाशी देता येत नाही, एवढंच.

५ डिसेंबर

धाराशिवला जाऊन आलो. उमाशंकर वकील — हाही माझाच विद्यार्थी. त्यानं कागद उलटसुलट पाहिला. म्हणाला, "गुरुजी, संपलेलं नाही. साडेपाच वर्षं माणूस रोज मरण मोजत बसला. एवढा उशीर झाला तर कोर्ट फाशीची जन्मठेप करतं. उद्याच पुण्याला जातो. वकीलपत्रावर शंभूची सही आणतो."

येताना एस.टी.त खिडकीशी बसलो. तुरीची शेतं पिवळी झालीत. बऱ्याच दिवसांनी काहीतरी गुणगुणलो.

६ डिसेंबर

उमाशंकर गेला. मी वाट पाहतो आहे.

८ डिसेंबर, शुक्रवार

सही केली नाही!

उमाशंकरनं फोनवर सांगितलं. शंभू त्याला म्हणाला, "राष्ट्रपतींनी नाही म्हटलं ना? त्यांच्यावर कोण असतं? उगं कोर्टात जाऊन त्यांचा अवमान कशाला?" आणि मग गजाआडून त्यानं कविता म्हणून दाखवली. माझी.

राष्ट्रपतींचा शब्द अखेरी, त्यावर नाही कोणी,
फाशीलाही माफी देई त्यांची एक लेखणी.

उमाशंकर हसत होता, पण आवाज बरा नव्हता. "मलाही पाठ आहे, गुरुजी. म्हणूनच तर लॉ कॉलेजात पहिल्या वर्षी नापास झालो."

सातवीचा वर्ग. पत्र्याचं छत, दुपारचं ऊन. नागरिकशास्त्र पोरांच्या डोक्यात शिरेना म्हणून मी त्याच्या कविता केल्या. टेबलावर डस्टरनं ताल धरायचो, सगळा वर्ग डोलायचा. शंभू पहिल्या बाकावर. मात्रा मोजायला त्याच्याइतकी पक्की बोटं दुसऱ्या कुणाची नव्हती.

त्या कवितेत आणखी एक ओळ होती. राष्ट्रपती मंत्र्यांच्या सल्ल्यानं सही करतात, अशी. शेवटी एक मात्रा जास्त होत होती. चाल लंगडायची. मी ती गाळली.

तीस वर्षं गाळली.

९ डिसेंबर

परत उमाशंकरला फोन. तो म्हणतो, राष्ट्रपतींनी फाईल एकदा फेरविचाराला परत पाठवली होती. मंत्रिमंडळानं तोच सल्ला पुन्हा दिला. दुसऱ्यांदा आला की सही करावीच लागते.

म्हणजे त्यांचाही हात एकदा थांबला होता. हे वाक्य सकाळपासून डोक्यातून जात नाही.

१० डिसेंबर, रविवार

गौराबाईला सांगितलं. सगळं. मात्रेचंसुद्धा.

ती ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवलं. "म्हंजे सही त्यांची न् बोलणं दुसऱ्याचं?"

"व्हय."

"गुर्जी, दर सोमवारी म्या राष्ट्रपतीच्या नावानं लिंगाला बेल वाहिला. मंत्र्यांची नावं सांगितली असती तर त्यांच्या नावानं बी वाहिला असता. आमच्या झाडाला काय पानं कमी हैत?"

तिनं सूप पुन्हा उचललं. मग म्हणाली, "तो माजं ऐकत न्हाय. वकिलाचं न्हाय. तुमचं ऐकतो. तुमीच बिघडवलं, तुमीच लिवा."

तुरुंगातल्या मुलाखतीला घरचे आणि वकील एवढेच जाऊ शकतात. मी नाही.

११ डिसेंबर

सकाळपासून बसलोय. सतरा कागद फाडले. ती ओळ मात्रेत बसत नाही. तेव्हा बसली नव्हती, आज ऐंशीव्या वर्षी काय बसणार. सल्ला म्हणावं तर तोल जातो. मंत्री काढावे तर खोटं होतं. मोजणी चुकते, पुन्हा पहिल्यापासून.

परवा मुलाखत आहे. पुढच्या सोमवारी चौदा दिवस भरतात. आणि मी मात्रा मोजतोय!

१२ डिसेंबर

लिहिली, तशीच.

मंत्री देती सल्ला तैसा लिहिते त्यांची लेखणी,
कोर्ट विचारी जाब तयांना, दार न लावी कोणी.

खाली लिहिलं — शंभू, ही ओळ तेव्हाच शिकवायची होती. चूक माझी. राष्ट्रपतींच्या लेखणीला मंत्र्यांचा लगाम आहे, आणि मंत्र्यांनी उशीर का केला हे विचारायला कोर्ट आहे. विचारण्यात कुणाचा अवमान नाही. सही कर.

गौराबाईनं कागद घडी करून पदराच्या गाठीत बांधला. दुपारच्या गाडीनं ती आणि उमाशंकर पुण्याला गेले.

१३ डिसेंबर

फोन नाही.

१४ डिसेंबर

उमाशंकरचा फोन लागत नाही. गौराबाईकडं फोनच नाही. स्टँडवर दोनदा जाऊन आलो. चहावाला म्हणाला, "गुर्जी, कुणाची वाट बगताव?" शंभूचं उत्तर कोणतंही आलं तरी त्या तिघांच्या पोरांना काय तोंड दाखवणार, हेही आहेच. तरी गाडी आली की पाय पुढं जातात.

१५ डिसेंबर, शुक्रवार

गौराबाई आली. सही झाली. उमाशंकर कागद घेऊन तिथूनच दिल्लीला गेला. शंभूचा निरोप आहे — गुरुजी, पहिल्या ओळीत एक मात्रा जास्त आहे.

राहू दे.