चोवीस गाड्या फार होतात

६ जुलै, रविवार
आज सकाळी चर्चला निघण्याआधी केकच्या गोल थाळीच्या कडेने चोवीस राजमे मांडून पाहिले. एकमेकांना चिकटले. सोळा ऐसपैस बसले. म्हणजे आमच्या पाव मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर मुख्य शर्यतीत सोळाच गाड्या सुटायला हव्यात. काल चोवीस सुटल्या आणि आठदा पिवळा झेंडा पडून शर्यत खोळंबली. त्यात सहा वेळा माझी ४७ नंबरची आडवी होती. गर्दी! सप्टेंबरात पन्नाशी. त्याआधी एकदा तरी पहिल्या पाचांत यायचेच.
माझा म्हणून निवडलेला काळपट राजमा दोनदा घरंगळला. थाळी उतरती आहे.
बायको आर्लिस म्हणाली, राजमे भिजत घाल, आणि सोळांत तुझा नंबर लागेल का, ते देवाला विचार.
विचारले नाही. त्याला क्षुल्लक गोष्टींचा त्रास देऊ नये. राजमेही ठेवून दिले, पुरावा म्हणून.

९ जुलै
ट्रॅकचा मालक ड्वाइट कुरकुरला. आठ गाड्या कमी म्हणजे आठ घरच्या मावश्या-माम्या कमी, बाकांवर काय कावळे बसवू? तरी शनिवारी सोळा सोडून बघू म्हणाला. माझ्यामागे फक्त आर्लिस येते, तीही विणकाम घेऊन.

१२ जुलै, शनिवार
सोळा सुटल्या. पिवळा झेंडा एकदाही नाही! माझे म्हणणे सिद्ध झाले.
पात्रता फेरीत मी सतरावा आलो, त्यामुळे हे सगळे बाकावरून पाहिले.
सोळा हा आकडा जरा घाईत ठरला. राजम्यांऐवजी वाटाणे घ्यायला हवे होते.

१९ जुलै, शनिवार
ड्वाइटने सतरा केले. मी सतरावा. सात पिवळे झेंडे. एका गाडीने इतका फरक पडावा!
झेंडेवाला ऑरिन म्हणाला, व्हर्लिन, माझा खांदा निखळला रे बाबा. पुढच्या शनिवारी तू बाकावर बस, चोवीस सोडून बघू.
मान्य केले. गर्दीचा दोष उघडा पडेल.

२७ जुलै, रविवार, सकाळ
काल चोवीस सुटल्या. सुरुवातीच्या प्रार्थनेला टोपी काढून मी एकच पिवळा झेंडा मागितला. अगदी छोटा चालला असता. शर्यत अकरा मिनिटांत संपली. ऑरिन पिवळ्या झेंड्याची घडी करून तिच्यावर बसला होता. आर्लिसची एक ओळही विणून झाली नाही.
आज उठून ४७ वर 'विकणे आहे' असा फलक लावला. मग राजमे भिजत घातले. काळपटसुद्धा.