डावी मांडी

ता. ६ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

फोन सात वेळा केला, तू उचलला नाहीस. आठव्यांदा करायची लाज वाटली म्हणून कागद घेतला. शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

गेल्या मंगळवारी जिन्यात माझा डावा गुडघा गेला. तीन दारांचं लाकडी कपाट होतं. वर माझा जोडीदार लांब्या, खाली मी. सामान जिन्याने चढवताना सगळं ओझं खालच्याच्या छातीवर येतं, वरचा नुसता वळवतो. सव्वीस वर्षं खालची बाजू माझी आहे, ती मी कुणाला देत नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय असा लटपटला की कपाट फिरलं आणि लांब्याची दोन बोटं कठड्यात चेचली. दोन्ही नखं उखडून आली. ई! अजून जेवताना डोळ्यांसमोर येतात. लांब्या बिचारा नुसता माझ्या गुडघ्याकडे बघत राहिला. तेच जास्त लागलं.

डॉक्टर म्हणाले हाड शाबूत आहे, मांडीत दम उरलेला नाही, व्यायाम करा. गोदामाचे मालक म्हणाले तीन महिने घे, मग खालची बाजू धरून लोखंडी तिजोरी तिसऱ्या मजल्यावर न टेकवता नेऊन दाखव. नाही जमलं तर गेटवर बस. गेटवर कोण बसतं ठाऊक आहे? आप्पा. माझ्या आधी खालची बाजू त्यांची होती. आता दिवसभर खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितात. खुर्चीखाली पत्र्याचा डबा, त्यात थुंकायचं. काठोकाठ भरला तरी उठून ओतत नाहीत, वर माश्या घोंघावतात. पायांच्या काड्या झाल्यात, मोजे घसरून घोट्याशी गोळा. शी! त्या खुर्चीकडे नुसतं बघितलं तरी मला मळमळतं. मी तिथे बसलो तर वर्षाच्या आत माझाही आप्पा होणार, हे मला स्वच्छ दिसतंय.

तू शाळेत मुलींना वजनं उचलायला शिकवतेस. काय करू ते तूच सांग. रागावली असशील तर रागावून लिही, पण लिही.

तुझा,
दादा

ता. १४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. हे आपलं पद्धत म्हणून. मनापासून वाकले असं समजू नकोस.

फोन उचलत नाही, कारण फोनवर तू बोलतोस आणि समोरच्याने हं हं करायचं असतं. शिवाय मी त्रेचाळीस वर्षांची आहे, ठमी म्हणणं आता पुरे कर. हे नाव तूच पाडलंस आणि कशावरून पाडलंस ते मी विसरलेले नाही.

तू विसरला असशील तर सांगते. मी सतरा वर्षांची होते. ऐंशी किलोचा रॉड खांद्यावर घेऊन बसत होते आणि उठत होते. अख्ख्या गावात अशी दुसरी मुलगी नव्हती. मोठ्या स्पर्धेसाठी माझं नाव निघालं. बाबांनी तुला विचारलं की हिला पाठवू का. तू जेवता जेवता, ताटातून मान वर न करता म्हणालास की असल्या खांबासारख्या मांड्या दाखवत ही चारचौघांत उभी राहणार, मला तर शिसारी येते. बाबांनी विषय तिथेच मिटवला आणि तुझ्या तोंडी मी ठमी झाले. आणि आज तुला माझ्याकडून मांड्या हव्यात. वा रे वा!

तरी सांगते, कारण त्या खुर्चीत तुला बसलेला मलाही बघवणार नाही. आधी एक काम कर. गुडघ्याच्या वर वीतभर अंतरावर दोन्ही मांड्या सुतळीने मोज आणि खरं माप कळव. फोटो काढताना लोक पोट आत ओढतात तसलं माप नको.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ किती आहे ते मापाच्या खरेपणावरून कळेलच.

तुझी धाकटी बहीण

ता. २५ जानेवारी

चि. धाकटीस (बघ, सुधारलो),
अनेक आशीर्वाद.

मोजल्या. उजवीपेक्षा डावी तीन बोटं बारीक. विश्वास बसेना म्हणून तुझ्या वहिनीकडून मोजून घेतलं, तरी तीनच. मग डोक्यात प्रकाश पडला. सव्वीस वर्षं मी ओझं घेऊन प्रत्येक पायरी उजव्या पायाने चढलोय. उजवा पुढे टाकायचा, डावा मागून ओढून आणायचा. आम्ही सगळे असेच चढतो, असंच शिकवलंय आम्हाला. आरशासमोर उभा राहिलो तर एक पाय माझा आणि दुसरा कुणा आजाऱ्याकडून उसना आणलेला. कातडी लोंबतेय, बोट दाबलं तर आत जातं. माझ्याच अंगाची मला किळस आली.

जिमला जातोय. एका निवृत्त हवालदारांची आहे. माणूस भला, पण जागा! आत शिरलं की घाम, रबर आणि त्यावर मारलेलं अत्तर असा मिळून एक वास येतो, की सकाळचा चहा वर येतो. बाकावर आधीच्याच्या पाठीचा ओला ठसा, पुसायची पद्धतच नाही. एक गृहस्थ दर दोन मिनिटांनी चड्डी वर करून आरशात मांडी फुगवून बघतात, मुका घ्यायचा तेवढा बाकी ठेवतात. दुसरा पावडरीचं दूध ढोसून माझ्या तोंडावर ढेकर देतो. आणि एवढं करून करतात काय, तर वजन उचलायचं आणि जिथल्या तिथे ठेवायचं! आम्ही उचललेलं निदान कुणाच्या तरी घरी पोचतं.

जुनं कशाला उकरतेस? झालं ते झालं. पुढे काय करायचं ते लवकर कळव.

तुझा दादा

ता. २ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

झालं ते झालं, हे ज्याचं झालं त्याने म्हणायचं असतं. ज्याने केलं त्याने नाही. एवढं लिहून पुढे जाते.

महिनाभर रॉडला हात लावायचा नाही. गुडघ्याएवढ्या उंचीच्या पेटीवर फक्त डाव्या पायाने चढायचं. उजव्याने जमिनीला रेटा द्यायचा नाही. तो देईल, लबाड आहे, लक्ष ठेव. उतरताना चार आकडे मोजत सावकाश उतर, कारण तुझा पाय ओझं पेलून धरताना दगा देतो. दहा वेळा, अशा तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सोपं वाटायला लागलं की छातीशी वाळूची पिशवी. त्यानंतर मोकळा रॉड, मग मी सांगेन तेवढंच वजन. दूध, अंडी खा आणि वेळेवर झोप. मांडी जिममध्ये वाढत नाही, झोपेत वाढते.

बाकावर स्वतःचा टॉवेल टाकावा एवढी अक्कल तुला असेल असं धरून चालते. माया पातळ होऊ देऊ नकोस, आमचीही होत नाही, प्रयत्न करूनसुद्धा.

धाकटी

ता. २० फेब्रुवारी

प्रिय वन्संना,
वहिनीचा नमस्कार.

यांचा हात लिहायला धजत नाही म्हणून मी लिहिते. यांनी तुमचं ऐकलं नाही. तो मांडी फुगवणारा गृहस्थ शंभर किलो घेऊन बसला-उठला, ते बघून यांनाही चेव आला. आपण तिजोऱ्या उचलणारे, आपल्याला काय सांगता, असं म्हणून रॉड घेतला, खाली बसले आणि खालीच राहिले. डावा पाय थरथरायला लागला आणि हे रॉडसकट तोंडावर आपटले. तिघांनी ओढून बाहेर काढलं. तोंड नेमकं खाली अंथरलेल्या, घामाने ओल्या गादीत. घरी येऊन अर्धा तास चुळा भरत होते, दुसऱ्याचा घाम पोटात गेला म्हणे. मला हसूही येत होतं आणि रडूही. गुडघा सुजलाय, पण डॉक्टर म्हणतात आठवड्यात उतरेल.

त्यातच परवा आप्पा आले नाहीत, तर मालकांनी यांना दिवसभर गेटवर बसवलं. घरी आले ते अंगावरचे कपडे थेट बादलीत टाकले. आज सकाळी उठून बघते तर तुमचं पत्र भिंतीला चिकटवलेलं आणि पेटी खाली मांडून ठेवलेली. म्हणाले, सूज उतरली की दुसऱ्या दिवशी सुरू.

वन्सं, रागवा, बोला, पण हात सोडू नका. गेटवर हे टिकायचे नाहीत.

तुमची,
वहिनी

ता. २७ फेब्रुवारी

दादा,
नमस्कार अर्धाच. कार्ड पाठवतेय, लिफाफ्याची तुझी लायकी नाही.

रॉडखाली अडकलास हे वाचून संताप आला. माझ्याकडची तेरा वर्षांची मुलगीसुद्धा वजन वाढवण्याआधी विचारते. त्या आरशातल्या माणसाशी तुझी शर्यत नाही. तुझं भांडण तिजोरीशी आहे आणि तिच्यासाठी तुझ्याकडे सहा आठवडे उरलेत. पहिल्यापासून सुरू कर. दर रविवारी माप कळवायचं. हे कार्ड वहिनीलाही वाचून दाखव.

बहीण

ता. ९ एप्रिल

चि. बहिणीस,
आशीर्वाद लिहिताना आज हात अडखळतो. का ते पुढे वाचशीलच.

तिजोरी चढली. काल सकाळी दहा वाजता, अख्खं गोदाम बघायला जमलं होतं. वर लांब्या, दोन बोटांवर वाकडी नवी नखं घेऊन. एक पायरी उजव्याने, एक डाव्याने, डावा मागून ओढायचा नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर डावा पाय थरथरला. लांब्या वरून म्हणाला दादा टेकव, राहू दे. मी टेकवली नाही. मांडीच्या आत कुणीतरी पिळा घालत होतं, डोळ्यांत घाम जात होता, पण पाय बसला नाही. तिसऱ्या मजल्यावर ठेवली तेव्हाच श्वास सोडला. खालची बाजू माझी राहिली. डावी आता फक्त एक बोट बारीक आहे.

खाली आलो तर सगळ्यांनी घेरलं. पँट वर करून मांडीवर थापा मारल्या. मालक म्हणाले, मांड्या आहेत की खांब! सगळे हसले, मीही हसलो, आणि हसता हसता घशाशी आलं. तोच शब्द. तुला तो मी शिसारीने फेकून मारला आणि मला तो शाबासकी म्हणून मिळाला. मागच्या नळाकडे जाऊन खरोखर ओकलो. लोकांना वाटलं श्रमाने.

आता खरं लिहितो. बाबांनी मला विचारलं त्याच्या आदल्या दिवशी मी तुझ्या व्यायामशाळेत गेलो होतो, कुणी नसताना. तुझा ऐंशीचा रॉड तसाच स्टँडवर होता. खांद्यावर घेतला आणि बसलो. उठता आलं नाही. रॉड मागे टाकून पळालो. वीस वर्षांचा होतो, नुकताच हमालीला लागलेलो, आणि धाकट्या बहिणीचं वजन मला उचलेना. शिसारी मला तुझ्या मांड्यांची कधीच आली नव्हती. माझ्या तशा नव्हत्या, एवढंच होतं. एवढ्यासाठी मी तुझी स्पर्धा खाल्ली. माफ कर. नाही केलंस तर तो तुझा हक्क आहे, मी परत मागणार नाही.

दादा

ता. १६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तिजोरी चढली हे वाचून खूप बरं वाटलं. वर्गात मुलींना सांगितलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पुढचं तीनदा वाचलं. माफ केलं असं लिहायला चार दिवस कागद घेऊन बसतेय, लिहवत नाही. सव्वीस वर्षं मी माझ्याच पायांची घाण वाटून घेतली. भर उन्हाळ्यात पायघोळ कपडे घातले. पोहायला कधी गेले नाही. नवऱ्यालासुद्धा हे पाय कधी नीट बघू दिले नाहीत. मला वाटायचं तुला खरंच काहीतरी ओंगळ दिसलं असणार, उगाच कोण कशाला असं बोलेल. आणि निघालं काय, तर तुला उठता आलं नव्हतं! शी, दादा. शी! नुसता राग आला असता तर परवडलं असतं. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी मी एवढं झाकून जगले, याची किळस येते.

रविवारी येतेय. सकाळी नऊ वाजता हवालदारांच्या जिममध्ये. स्पर्धेत घालतात तसली आखूड चड्डी विकत आणली आहे, ती घालणार. मुलींना शिकवताना सत्तर करते. ऐंशी आता झेपतील की नाही, देव जाणे. तू माझ्या मागे उभं राहायचं, दोन्ही हात रॉडखाली धरून, मी अडकले तर ओढून काढायला. भरल्या जिममध्ये, सगळ्यांसमोर. हसणारे हसू देत, तू मान फिरवायची नाहीस. माफीचं मी उठल्यावर बघू.

लोभ आहे, म्हणून तर एवढा संताप.

तुझी बहीण