दोरावरचा दुसरा माणूस

गिर्यारोहण प्रशिक्षण केंद्र, वरच्या मजल्यावरची खोली
१२ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. आम्ही दोघे पोचलो, जेवलो, झोपलो. घरी सगळं ठीक असेल. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. मोबाइलला इथे रेंज नाही. केंद्राचा फोन जेवणाच्या खोलीत भिंतीवर आहे आणि त्या खोलीत दादा कायम कोणाशी तरी गप्पा मारत बसलेला असतो.

खोली बरी आहे. दोन खाटा, एक हीटर, ओले मोजे वाळवायला दोरी. खिडकीजवळची खाट दादाने न विचारता घेतली. लहानपणापासून त्याचीच असते, त्यामुळे मीही काही बोललो नाही.

आमची प्रशिक्षक तुमच्या लेकीच्या वयाची आहे. बोलते हळू, सगळ्यांना अहो-जाहो करते, पण एकदा सांगितलं की पुन्हा सांगत नाही. पहिला दिवस नुसतं चालण्यात गेला. मला चालता येतं असा माझा समज होता. बर्फात बुटाचं टोक आपटून आधी पायरी करायची, तिच्यावर वजन टाकायचं आणि मगच दुसरा पाय उचलायचा. बुटाखाली लोखंडी काटे बांधले की पाय फाकवून चालावं लागतं, नाहीतर आपलेच काटे आपल्याच विजारीत अडकतात. तुम्ही शिवलेलं दादाचं पायावरचं आवरण काट्यांनीच फाटलं. रागावू नका, टाका घालण्यासारखं आहे.

आज घसरायला शिकवलं, म्हणजे घसरल्यावर थांबायला. उतारावर मुद्दाम पडायचं, कुशीवर वळायचं, हातातल्या बर्फाच्या कुऱ्हाडीचं टोक खांद्याजवळ धरून बर्फात रोवायचं आणि सगळं अंग तिच्यावर टाकायचं. काटे बांधलेले असतील तर पाय वर उचलायचे, नाहीतर काटे अडकून माणूस उलटापालटा होतो. लिफ्टच्या कामात मला एवढी वर्षं हेच माहीत की दोर तुटला तर जबडे आपोआप रुळाला धरतात, आतल्या माणसाने काही करायचं नसतं. इथे जबडा आपणच. माझ्या नाकात, कानात, बनियनमध्ये बर्फ गेला. आमच्यासोबत एक दातांचा डॉक्टर आहे, तो पडताना प्रत्येक वेळी माफी मागतो. कोणाची, ते त्यालाही माहीत नसावं.

दादाचं ठीक चाललंय. नकाशा वाचण्यात तो सगळ्यांत पुढे आहे. भूगोलाचे मास्तर, तेवढं येणारच. मे महिन्यात आम्ही दोघे ठरवलेल्या लांबच्या वाटेवर निघू तेव्हा वरच्या खिंडींत बर्फ असेलच, म्हणून हे सगळं शिकून घेणं

१४ फेब्रुवारी

परवा वाक्य अर्धंच राहिलं. पुढे काय लिहावं ते सुचेना. दादाचं ठीक चाललंय, हे खरं नव्हतं. पहिल्या दिवशीही तो एकदा वाटेत उभा राहिला होता, हातात कुऱ्हाड, नजर कुठेच नाही. मी हाक मारली, तर थोड्या वेळाने चालू लागला. थकला असेल असं मी स्वतःला सांगितलं.

काल दोराचा धडा होता. एका दोराला तिघे बांधलेले: पुढे मी, मध्ये दादा, शेवटी प्रशिक्षक. पुढच्याने पडायचं आणि ओरडायचं. ओरडणं ऐकताच मागच्यांनी जागच्या जागी कुऱ्हाड रोवून अंग टाकायचं. मी ओरडलो आणि उतारावर अंग सोडलं. दोर लगेच ताणायला हवा होता. तो ताणला नाही, माझ्याबरोबर येत राहिला. मग एक मोठा हिसका बसला आणि मी थांबलो.

वर चढून पाहिलं तर प्रशिक्षक पालथी पडून कुऱ्हाडीला धरून होती. तिने एकटीने दोघांना धरलं होतं. दादा तिच्या खालच्या उतारावर कुशीवर पडला होता. कुऱ्हाड हातात तशीच, तोंडावर बर्फ, आणि तो पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. डोळे उघडे होते. काही वेळाने कोणीतरी बटण दाबावं तसा तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "ओरडला का नाहीस?"

मी ओरडलो होतो. पलीकडच्या दोरावरच्या डॉक्टरनेही ऐकलं होतं.

प्रशिक्षकाने दादाला विचारलं. त्याने ढगांकडे लक्ष होतं असं सांगितलं. नंतर ती मला म्हणाली की उद्या डोंगराच्या धारेवर ती त्याला नेणार नाही, पण हे तिने सांगण्याआधी त्यानेच म्हणावं. त्यासाठी ती सकाळपर्यंत थांबेल.

इथे खाली बूट वाळवायची एक खोली आहे. गरम, कोंदट, सगळ्यांच्या पायांचा वास. दुपारी तिथे दादा बाकावर बसून काटे पुसत होता. मी शेजारी बसलो. विषय मी काढण्याआधी त्यानेच काढला.

"एकदा चुकलं. तुझ्या लिफ्ट कधी अडकत नाहीत का?"

"अडकतात. मग मी दाराला 'बंद'ची पाटी लावतो."

तो हसला नाही. मी म्हणालो, "दादा, मी तुझ्या दोरावर येणार नाही."

आयुष्यात मी त्याला कधी नाही म्हटलेलं मला तरी आठवत नाही. तो तोच एक काटा बराच वेळ पुसत राहिला. मग खाली मान घालून सांगू लागला. असं आधी <s>दोनदा</s> पुष्कळदा झालंय. जिन्यावर, आंघोळ करताना. आणि एकदा गाडीत, सिग्नलला. दिवा हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवू लागले, आणि हा स्टिअरिंग धरून बसलेला. मागच्या सीटवर नात होती. तिने त्याला हलवून विचारलं, आजोबा, झोपलात का? त्याने तिला सांगितलं, ही आपल्या दोघांची गंमत, आजीला सांगायची नाही. पोरीने खरंच सांगितलं नाही.

मला म्हणाला, "तुझ्या वहिनीला कळलं तर ती मला गच्चीवरही एकटं जाऊ देणार नाही." मी म्हणालो, सध्या जाऊ नकोसच.

आज सकाळी त्याने स्वतः जाऊन दोर बांधायचा कमरेचा पट्टा प्रशिक्षकाच्या हातात दिला. काय बोलला ते मी ऐकलं नाही. धारेवर डॉक्टर आणि मी गेलो. दोन्हीकडे उतार, मधे चालण्यापुरती जागा, वारा बेताचा. भीती वाटली, पण कामापुरती. परतलो तेव्हा दादा दुर्बीण घेऊन ओट्यावर बसला होता. म्हणाला, "पाय फार जवळ टाकतोस." खरं होतं.

आता कामाचं. सामानाची गाडी उद्या खाली जाते, तिच्यासोबत हे पत्र पाठवतो. आम्ही रविवारी निघू. गाडी मी चालवणार आहे, किल्ली माझ्या खिशात आहे आणि ती तुमच्याच हातात देईन. मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेऊन ठेवा. कदाचित गोळ्यांनी आटोक्यात येण्यासारखं असेल, असं आमचे दातांचे डॉक्टर म्हणतात, पण तो त्यांचा विषय नाही. तोवर नातीला शाळेत दुसऱ्या कोणीतरी सोडायला हवं. आणि त्याला न्हाणीघराला कडी लावू देऊ नका.

हे पत्र मी त्याला वाचायला दिलं. त्याच्या पाठीमागे पाठवावंसं वाटेना. त्याने उभ्यानेच वाचलं. वर 'दोनदा' खोडून 'पुष्कळदा' केलेलं अक्षर त्याचं आहे. बाकी काही खोडलं नाही.

मे महिन्याचं विचाराल, तर तो म्हणतो, तू एकटा जा. मला एकट्याला वरच्या खिंडीत काही काम नाही. पण वाटेचा पहिला टप्पा जंगलातून जातो. सपाट आहे, गावं आहेत, बर्फ नाही, दोर लागत नाही. डॉक्टर हो म्हणाले तर तेवढं आपण चालू शकतो.

वर्षभर आम्ही तुमच्या शिवणाच्या टेबलावर नकाशा पसरत आलो. तुम्ही दर वेळी कापड आवरून जागा करून दिलीत. तुम्ही येता का, असं आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. आता विचारतो. याल का?

दोघांच्या वतीने,
तुमचा धाकटा दीर