आईचं शेवटचं वाक्य

प्रिय ताई,

तुझं बाड पोचलं, सोबतची चिठ्ठीही. तुझा हात फिरला की आठवणी जिवंत होतील, नववं प्रकरण विशेष काळजीने बघ, आणि आई शेवटी काय म्हणाली तेवढं लिहून पाठव, तिथे चार ओळींची जागा सोडली आहे, असं तू लिहिलंयस. मुख्याध्यापिकाबाई निवृत्त झाल्या तरी हुकूम सोडायची सवय काही सुटली नाही! असो. तीस वर्षं प्रकाशकाकडे बसून परक्यांच्या आठवणी नीटनेटक्या करतेय, सख्ख्या बहिणीला कुठे नाही म्हणू? पेन्सिल घेतली आणि बसले.

आधी सुरुवातीचं सांगते. तुझा जन्म सहाव्या पानावर होतो. तोवर पणजोबा, आजोबा आणि त्यांचे दोन्ही भाऊ येऊन जातात. अगं, वाचकाला आपल्या पणजोबांशी काय देणंघेणं? जिथे काहीतरी बिनसलं तिथून सुरू करावं, पणजोबा मग आपोआप गाळले जातात. दुसरं म्हणजे, पावणेतीनशे पानांत तुझ्या हातून एकही चूक झालेली नाही. शाळा सुधारली, मुलं सुधारली, शिक्षक सुधारले, तू मात्र पहिल्यापासून सुधारलेलीच. असं पुस्तक कोण वाचणार? आमच्याकडे एका निवृत्त इंजिनिअरांनी आत्मचरित्र आणलं होतं, त्यात त्यांचे सगळे पूल ताठ उभे. मी सहज विचारलं, एखादा पडला नाही का हो? तर तरातरा निघून गेले. आठ दिवसांनी पडलेल्या पुलाचं प्रकरण घेऊन परत आले, चेहरा उतरलेला. आज लोक त्या पुस्तकातलं तेवढंच प्रकरण आठवणीने सांगतात. तुझा पूल कुठला, ते मला ठाऊक आहे. तुलाही आहे.

आता माझी एक खोड सांगते. लेखकाने एखादा प्रसंग फार रंगवला की मी विचारते, त्या खोलीत खिडकी कुठल्या बाजूला होती? जो खरंच तिथे होता तो पटकन सांगतो, वर खिडकीची कडी कशी अडकायची तेही सांगतो. जो नव्हता तो भावना सांगायला लागतो. तुझ्या नवव्या प्रकरणात आईच्या अंथरुणावर सकाळचं कोवळं ऊन पडतं आणि त्या उन्हात तू तिचे केस विंचरतेस. वाचून मी कपाळाला हात लावला. ताई, त्या खोलीची खिडकी पश्चिमेला होती. सकाळी तिथे इतका अंधार असायचा की औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचायला दिवा लावावा लागे. ऊन यायचं दुपारी चारनंतर. आणि तू यायचीस रविवारी, चार ते सहा. म्हणून तुझ्या आठवणीत ती खोली कायम उजेडाची.

यायचीस तेही कशी, तर फळांची पिशवी टेबलावर, पर्स मांडीवर, आणि खुर्ची पलंगापासून चार हात लांब. तिथून सूचना सुरू. उशी जरा उंच कर, चादर बदल, तिला बोलतं कर. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या तूच! दोन वर्षं तीन महिने आईची उजवी बाजू निकामी होती. दर दोन तासांनी कूस बदलावी लागे, नाहीतर पाठ सोलवटायची. दूध चमच्याने, तेही मान डावीकडे वळवून, नाहीतर ठसका. मी कच्ची मुद्रितं घरी आणून तिच्या पायाशी बसून तपासत होते. ज्यांच्याशी माझं ठरत आलं होतं, त्या ग्रंथपालांनी दीड वर्ष वाट पाहिली, मग त्यांनी दुसरीकडे लग्न केलं. त्यांना मी दोष देत नाही.

आणि तू लिहितेस, "धाकटी बहीणही अधूनमधून मदतीला येत असे." अधूनमधून! डोक्यात अशी तिडीक गेली की पेन्सिलीचं टोक कागदातून आरपार गेलं. त्या पानाला भोक पडलंय, बघशील. मी ते वाक्य खोडलं नाही, व्याकरणात काही चूक नाही त्याच्या.

तुला न सांगितलेलं एक आहे. शेवटच्या पाच-सहा महिन्यांत आई मला ओळखत नव्हती. ती मला मोठी म्हणायची. मोठे, आलीस का? मोठे, पाणी दे. पहिल्यांदा मी म्हटलं, आई, मी धाकटी. तर ती अशी घाबरून रडायला लागली, जणू तू मेल्याची बातमी दिली. पुन्हा कधी दुरुस्त केलं नाही. जगाच्या चुका काढून पोट भरणारी बाई मी, पण ही एक चूक रोज तशीच सोडली. तिचं सगळं केलं मी आणि ती गेली तुला आशीर्वाद देत. मला त्याचा राग आला होता ताई. अजून आहे. आईचा नाही, तुझा.

आता त्या चार ओळींबद्दल. हे पत्र लिहायचं खरं कारण तेच. बुधवार होता. सकाळी अकराला मी तुझ्या शाळेत फोन केला, कारकुनाने सांगितलं की बाई तपासणीत आहेत, संध्याकाळी येतील. त्यानंतर आईने माझा हात धरला, मोठे म्हणून हाक मारली आणि एक अख्खं वाक्य बोलली. कित्येक महिन्यांत तिची जीभ इतकी साफ चालली नव्हती. ते तुझ्यासाठी होतं. मी तुझ्या वतीने हो म्हटलं. तासाभरात ती गेली. सहा वाजता येऊन तू विचारलंस, माझ्यासाठी काही म्हणाली का? मी म्हटलं, नंतर सांगते. अकरा वर्षांत तू पुन्हा विचारलं नाहीस. आता पानावर जागा रिकामी राहिली म्हणून विचारतेस. नाही सांगणार. तिने तुला माफ केलं की बोल लावला, एवढंही नाही. त्या जागी तू मनाचं काहीतरी लिही. आम्ही छापू, प्रकाशन समारंभात तू ते वाचून दाखव, लोक डोळे पुसतील. पुढच्या रांगेत बसून मी तुझ्याकडे बघत असेन. खरं वाक्य माझ्याकडे आहे, आणि ते माझ्याबरोबरच जाईल.

तुझ्या नावाच्या हाकेला ओ देणारी,
तुझीच धाकटी