दादाचा कोड काढायचा आहे

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बातमी अशी, की साहेब मला आर्किटेक्ट करायचं म्हणताहेत. सहा वर्षं वेबसाइटची बटणं डावीकडून उजवीकडे सरकवली. आता अख्खी सिस्टीम कशी उभी राहणार, ते मी ठरवायचं. अट एकच: रुग्णालयाच्या अपॉइंटमेंटची जुनी सिस्टीम नव्याने आखून दाखवायची. हो, तीच. तू इथे असताना लिहिलेली. परवा एकाने तिचा कोड उघडला आणि हा कुणाचा प्रताप, असं विचारलं. मी खोकले.

चौदा भागांचा आराखडा काढलाय, भिंतभर. बघशील तर दिपशील.

वहिनीला नमस्कार. माया वाढव, सल्ले कमी कर.

तुझी ठकी

९ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

चौदा भाग? अगं, तिथे डॉक्टरच नऊ आहेत! आधी दोन दिवस रुग्णालयाच्या काउंटरवर जाऊन बस. मी कधी बसलो नाही, म्हणूनच सांगतोय. आणि त्या शहाण्याला कळव, माझा कोड दहा वर्षांत एकदाही बंद पडलेला नाही. वहिनी म्हणते, नवराही तसाच आहे. चालू असतो, ऐकत नाही.

लोभ आहेच, तो काही आराखड्यावर अवलंबून नाही.

तुझा दादा

२१ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बसले. काउंटरवरच्या बाई तुझ्या सिस्टीमला ‘तुमचं ते’ म्हणतात. अपॉइंटमेंटची वेळ बदलायची तर आधीची रद्द करावी लागते, आणि नवी घेईपर्यंत ती जागा दुसरंच कुणी पटकावतं. एका आजोबांच्या डायलिसिसची पाळी अशीच गेली. दोन तास बाकावर बसून होते. त्यांना घरी जायला सांगायची वेळ बाईंवर आली. तेव्हापासून त्या सगळं आधी वहीत लिहितात.

माझ्या चौदा भागांतही यावर उपाय नव्हता. भिंत पुसली आणि तीन चौकटी काढल्या. साहेब म्हणाले, एवढंच? याला आर्किटेक्ट कशाला हवा? मी आजोबांची हकिगत सांगितली आणि म्हटलं, चौदाच हवे असतील तर दुसरं कुणी बघा. साहेबांनी बाईंनाच बोलावून घेतलं. बाईंनी आराखडा पाहिला आणि त्यातलीही एक चौकट खोडायला लावली. मग साहेबांनी सही केली. झाले मी आर्किटेक्ट!

आता अवघड भाग. तुझा कोड यात कुठेच बसत नाही. गुरुवारी काढायचाय. रागावलास तरी पत्र लिही.

ठकी

२६ मार्च

चि. ठकीस,
आशीर्वाद, आणि शाबास.

रागावलो होतो. तीन दिवस घरात अबोला धरला; वहिनीची तब्येत सुधारली. मग आजोबांचं पुन्हा वाचलं. ठके, मी तिथे नोकरीला होतो तेव्हाच त्या काउंटरवरून मला दोनदा फोन आला होता. तुम्हाला वापरता येत नाही, असं सांगून मी मोकळा झालो.

आणखी एक. आर्किटेक्टचं मलाही विचारलं होतं. घरी सांगितलं की मीटिंगांचा कंटाळा येतो. खरं म्हणजे माणसांसमोर बसायची भीती वाटली. तू बसलीस. थोडा जळतोय, पण छाती फुगलीय ती जास्त.

काढून टाक सगळं. आठवण म्हणून एक ओळसुद्धा ठेवू नकोस. गुरुवारी मी रजा टाकलीय. तुझ्या ऑफिसात नाही येणार; सरळ काउंटरवर जाऊन बाईंसमोर उभा राहतो. तिसरा फोन त्यांनी केलाच नाही. तेव्हा काय सांगायचं राहिलं होतं, ते विचारतो.

तुझा दादा